मागचा भाग सुटला तर स्टिअरिंग नक्की कुणीकडे फिरवायचं?

पहिला_गिअर

लायसन्स नवं, गाडी जुनी. छोटी हॅचबॅक आहे, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, गिअर हाताने टाकायचे. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. पावसात एका डाव्या वळणावर गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला. अगदी क्षणभर. मी काही करायच्या आत तो जागेवर आलासुद्धा, पण पोटात गोळा यायचा तो आलाच.

मामांना विचारलं तर म्हणाले, "गाडी घसरेल त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं." भाऊ म्हणतो, "छे, उलट बाजूला." दोघंही चांगली गाडी चालवतात, म्हणून जास्तच गोंधळ. घसरते ती बाजू म्हणजे नाकाची का मागच्या चाकांची? उलट म्हणजे कशाच्या उलट? ब्रेक मारायचा का? क्लच दाबायचा का? शिकताना रिव्हर्स, चढावर गाडी उचलणं, पार्किंग सगळं झालं. घसरण्याबद्दल मात्र "सावकाश चालवा" यापलीकडे कुणी काही बोललं नाही. सावकाश चालवतेच आहे. तरीही झालं तर काय, ते हवंय.

हायवेचा_राजा

ब्रेकवरून पाय काढ, स्टिअरिंग घट्ट धर आणि देवाचं नाव घे. बाकी सवयीने येतं.

शेजारची_सीट

राजे, घट्ट धरलेलं स्टिअरिंगच ऐन वेळी फिरत नाही.

ताई, मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून पोट भरतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. तुमचे मामा आणि भाऊ दोघंही बरोबर आहेत. मामा मागच्या चाकांबद्दल बोलतायत, भाऊ वळणाबद्दल. हात दोघांचेही एकाच बाजूला जातील. पण गाडी आडवी होत असताना असला हिशेब कुणालाच जमत नाही. म्हणून मी बाजू सांगतच नाही. मी सांगतो: गाडी जिथे जायला हवी तिकडे बघा आणि पुढच्या चाकांची तोंडं तिकडे करा.

तुमचंच वळण घ्या. मागचा भाग उजवीकडे गेला, म्हणजे नाक गरजेपेक्षा जास्त डावीकडे वळलं. तुम्हाला जायचाय तो रस्ता आता समोर नाही, काचेत उजवीकडे दिसतोय. मान उजवीकडे वळली की हात आपोआप उजवीकडे जातात. डोळे मात्र खांबावर अडकले तर गाडीही खांबाकडे जाते. भीती वाटते त्याच गोष्टीकडे माणूस टक लावून बघतो, हीच खरी अडचण. शिकाऊ माणसाला मी "स्टिअरिंग फिरवा" असं ओरडत नाही, "रस्ता बघा" असं ओरडतो.

आता खरं अवघड काम, जे फारसं कुणी सांगत नाही. उजवीकडे फिरवलेलं स्टिअरिंग परत सरळ आणायचं असतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा खूप लवकर. मागची चाकं पकड घेतात ती हळूहळू नाही, झटक्यात घेतात. त्या वेळी पुढची चाकं अजून उजवीकडेच वळलेली असली तर गाडी उजवीकडे उसळते आणि मागचा भाग आता डावीकडे, पहिल्यापेक्षा जोरात जातो. माझ्या शेजारच्या सीटवरून मी ज्या गाड्या गोल फिरलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक पहिल्या झोक्यात फिरल्याच नाहीत, या दुसऱ्या झोक्यात फिरल्या. चालवणारा पहिल्या झोक्यातून वाचल्याच्या आनंदात असतो. तेव्हा मागचा भाग परत यायला *लागला* की लगेच स्टिअरिंग सरळ करायला घ्या, तो पूर्ण येईपर्यंत थांबू नका. आणि दुसरा झोका येणारच असं धरून चाला. आला नाही तर उत्तम.

म्हणून हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, पकड सैलसर. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसरा गिअरवर ठेवून बसणाऱ्यांना हे जमत नाही. माझ्या गाडीत तसं बसू देत नाही, लोक चिडतात, चिडू देत.

पाय. गाडी घसरत असताना वळणात ब्रेक मारू नका. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि जी थोडी पकड शिल्लक होती तीही जाते. ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला तरी हेच होतं, थोड्या कमी प्रमाणात. तुमच्यासारख्या गाडीचा मागचा भाग सुटण्याचं नेहमीचं कारण हेच: वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटतो आणि पाय घाबरून निघतो. पाय सावकाश हलका करा. काहीच सुचत नसेल तर क्लच दाबा, म्हणजे इंजिन चाकांना ओढणार नाही की रोखणारही नाही.

आणि गाडी इतकी आडवी झाली की रस्ता बाजूच्या खिडकीतून दिसायला लागला, तर सावरायचं सोडून द्या. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, दाबूनच ठेवा. गाडी ज्या दिशेने सरकत होती साधारण त्याच दिशेने सरकत थांबते. या अवस्थेत ब्रेक मध्येच सोडणं सगळ्यात वाईट, कारण चाकांना अचानक पकड मिळते आणि त्या क्षणी गाडीचं तोंड असेल तिकडे ती सुटते, मग समोरून येणारी लेन का असेना.

हायवेचा_राजा

क्लचचं पटलं नाही. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मागचा भाग सुटला की उलट थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, वजन मागे जातं, गाडी ओढून सरळ होते. रॅलीवाले हेच करतात.

शेजारची_सीट

खरंय, करतात. त्यांना वळणाच्या पुढे काय आहे ते शेजारचा माणूस वाचून दाखवत असतो आणि समोरून कुणी येत नसतं. नव्या माणसाचा पाय घाबरला की "थोडा" राहत नाही. लायसन्स नवं असताना क्लचच बरा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हा ॲक्सिलरेटरचा सल्ला सरळ उलटा पडेल, तिथे बहुतेकदा ॲक्सिलरेटरमुळेच मागचा भाग सुटलेला असतो.

अर्धा_इंजिनिअर

मागचा भाग सुटण्याचीच चर्चा चाललीय, पण हॅचबॅकमध्ये जास्त वेळा *पुढचा* भाग सुटतो. स्टिअरिंग वळवलंय आणि गाडी सरळच चाललीय. इथे प्रत्येक जण करतो ती चूक म्हणजे अजून वळवणं. चाकं जितकी आडवी तितकी ती नुसती घासत जातात. ॲक्सिलरेटर हलका करायचा, स्टिअरिंग *थोडं सरळ* करायचं, पकड आली की परत वळायचं. मनाला पटत नाही, पण तेच बरोबर.

कारण साधं आहे. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा, आणि त्याची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग वाढवण्यावर. बेरीज पगाराबाहेर गेली की घसरलात. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवायचा.

आकडे बघा. ५० मीटर त्रिज्येचं वळण. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे रस्ता टायरला किती धरतो त्याचा आकडा, ०.७ धरला तर गाडी ताशी ६७ किमीला सुटते. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर ५० ला. चिखल किंवा तेल सांडलेलं असेल, ०.२, तर ३६ लाच. गाडीचं वजन या गणितात येतच नाही, दोन्हीकडून कापलं जातं. "आमची गाडी जड आहे, रस्ता सोडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय. थांबायचं अंतरही तसंच: ६० च्या वेगात नुसत्या ब्रेकिंगला कोरड्यावर २० मीटर, ओल्यावर ३५, आणि ०.१ गुणांकाच्या बर्फावर १४० च्या वर. यात माणसाला भानावर यायला लागणारा वेळ धरलेला नाही.

ईएससी नाही म्हणालात, ते महत्त्वाचं. एबीएस आणि ईएससीमध्ये लोक घोळ घालतात. एबीएस फक्त ब्रेक मारताना चाकं जाम होऊ देत नाही. बॉशची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. ईएससी १९९५ ची, तीही याच दोघांची. त्यात स्टिअरिंगचा कोन मोजणारा एक सेन्सर, म्हणजे तुम्हाला कुठे जायचंय, आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय ते मोजणारा दुसरा. दोघांचं जुळलं नाही की संगणक एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतो. तुमच्या डाव्या वळणात त्याने पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लावून नाक परत उजवीकडे खेचलं असतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाच्या अडथळा-चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने त्या छोट्या गाडीत ईएससी सगळ्यांनाच द्यायला सुरुवात केली. पुढची गाडी घेताना हे बघा, सनरूफ नंतर. आणि ईएससी असलेल्या गाडीतही डोळे आणि हात रस्त्याकडेच हवेत. स्टिअरिंग खांबाकडे असेल तर संगणक तुम्हाला इमानदारीत खांबाकडे नेईल.

हवा_चेक

सगळे हातापायांवर बोलतायत, टायर कुणी विचारलेच नाहीत. ताई, मागचा भाग *आपोआप* सुटला ना? मग आधी मागचे टायर बघा. बरेच लोक दोनच टायर बदलतात आणि नवे पुढे घालतात, कारण पुढचे लवकर झिजतात. गुळगुळीत झालेले मागे जातात. पावसात मग पुढची चाकं धरतात आणि मागची सोडतात, म्हणजे नेमकी तुमची गोष्ट. दोनच नवे घ्यायचे तर ते *मागे* घालायचे, टायर कंपन्याही हेच सांगतात. पुढचं चाक सुटलं तर निदान स्टिअरिंगमध्ये कळतं. मागचं सुटलेलं कळेपर्यंत उशीर होतो.

खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझं मत विचाराल तर पावसासाठी ३ वरच संपला.

हवाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो त्याचं एक जुनं सूत्र आहे, नासाने विमानांच्या टायरसाठी काढलेलं: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले साधारण १६.७, की ताशी किलोमीटर येतात. ३२ पीएसआयला ९४, २० पीएसआयला ७५. कारच्या झिजलेल्या टायरला यापेक्षा कमी वेगही पुरतो. तरंगायला लागलं की स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि इंजिनाचा आवाज चढतो. तेव्हा ॲक्सिलरेटर हलका, स्टिअरिंग सरळ, ब्रेक नाही, आणि वाट बघणं. क्रूझ कंट्रोल (पाय न ठेवता वेग कायम राखणारी सोय) असेल तर पावसात लावूच नका.

पहिला_गिअर

सगळ्यांचे खूप आभार. टायर बघून आले. पुढचे बरे आहेत, मागचे उंचवट्यांच्या बरोबरीला. गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने "टायर नवे" म्हणून सांगितलं होतं, कुठले ते मी विचारलं नव्हतं. मागे नवे घालतेय.

आता एक विचारू? रिकाम्या मैदानात हँडब्रेक ओढून मुद्दाम मागचा भाग सोडवायचा सराव केला तर? व्हिडिओंमध्ये करतात.

हायवेचा_राजा

कर की! मी तसाच शिकलो.

शेजारची_सीट

मैदानात तुम्ही शिकाल ते हँडब्रेक ओढला की काय होतं ते. रस्त्यावर घसरणं हँडब्रेकने होत नाही आणि आधी सांगूनही होत नाही. शिवाय कोरड्या जमिनीवर टायर अचानक धरतात, खड्डा किंवा दगड लागला तर छोटी गाडी उलटूही शकते.

दुसरं असं की नॉर्वेने १९७० च्या दशकाच्या शेवटी निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचं केलं. नंतर पाहिलं तर तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले. घसरलेली गाडी सावरता येते असं वाटलं, की माणूस घसरेल अशा वेगाने चालवायला धजतो. पुढे त्यांनी त्या प्रशिक्षणाचा रोखच बदलला, सावरण्यापेक्षा धोका आधी ओळखण्यावर भर दिला. पाणी मारलेला स्किड पॅड, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवून बघायची जागा, असलेलं प्रशिक्षण केंद्र मिळालं तर जरूर जा, मी कोण अडवणार. पण तिथे तरबेज होण्यासाठी नाही, ताशी ४० ला सुद्धा गाडी किती पटकन हातातून जाते ते अंगाने कळावं म्हणून जा.

तुम्हाला एकटीने करता येईल आणि खरंच उपयोगी पडेल असा सराव सांगतो. रुंद, सरळ, रिकामी, ओली जागा. मागे कुणी नाही याची आरशात खात्री. ताशी ४० चा वेग, आणि ब्रेक असा मारायचा की पेडल तळाला गेलंच पाहिजे. पायाखाली थरथर होईल, करकर आवाज येईल. तो एबीएस. पहिल्यांदा अनुभवणारे जवळजवळ सगळे घाबरून पाय उचलतात, गाडी मोडली असं वाटून. उचलायचा नाही. थरथर चालू असतानाच पुढच्या वेळी स्टिअरिंग थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळते, हे एकदा कळलं की समोर काही आलं तर ब्रेक अर्धवट सोडून गाडी झटक्यात ओढण्याची गरज वाटत नाही. आणि मागचा भाग तिथेही बऱ्याचदा सुटतो.

नवे टायर आधी थोडे चालवून घ्या. सुरुवातीला त्यांच्यावर एक गुळगुळीत थर असतो, तो जायला शे-दोनशे किलोमीटर लागतात. हा सराव त्यानंतर.