ड्रीम हाउसमध्ये नेमकं काय ऐकायचं?

खर्जाची_तार:
मंडळी, मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहे. किराणा घराण्याचं गाणं बारा वर्षं शिकले, अजून रोज सकाळी तंबोरा घेऊन बसते. मागच्या महिन्यात मुलगा मला मॅनहॅटनमध्ये 275 चर्च स्ट्रीटला घेऊन गेला. तिथे तिसऱ्या मजल्यावर अमेरिकन संगीतकार ला माँट यंग आणि त्यांच्या पत्नी, प्रकाशरचनाकार मारियन झझीला यांचं ‘ड्रीम हाउस’ आहे, म्हणजे अखंड सूर आणि रंगीत उजेडाची खोली, 1993 पासून. चपला बाहेर काढायच्या. आत पांढरा गालिचा, जांभळट गुलाबी उजेड, उदबत्तीचा वास, एका बाजूला गायक पंडित प्राणनाथांचा फोटो. फोटो पाहून मी हात जोडले. प्राणनाथजी अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे आमच्याच घराण्यातले. 1970 मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि यंग त्यांचे शागीर्द झाले, एवढं मला ठाऊक होतं.

पण आवाज! स्पीकरमधून कितीतरी सूर एकाच वेळी, अखंड. ना आलाप, ना सम, ना शेवट. वीस मिनिटांत डोकं जड झालं आणि मी बाहेर आले. मुलगा दीड तास बसला आणि डोळे पुसत बाहेर आला. तेव्हापासून मला चैन नाही. जो माणूस प्राणनाथजींच्या मागे तंबोरा घेऊन बसला, त्याला सुरातलं काहीतरी कळलेलं असणारच. मग मला ते का सापडत नाही? कान कुठे लावायचा, कुणी सांगेल का?

कानस_आणि_सूत (मिरज):
ताई, मी तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीचा माथा घासून जुळवण्याचं काम करतो, वडिलांपासून. यंगसाहेबांचं संगीत मी फक्त मोबाईलवर ऐकलंय, म्हणून माझ्या कामातलंच सांगतो. जवारी काढताना घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवायची, तार छेडायची, आणि तार बोलते कुठे ते ऐकायचं. त्या वेळी मी सूर ऐकत नाही, सुराच्या आत काय चाललंय ते ऐकतो. तारेखालचं सूत केसभर सरकलं तर वरचे सूर एकामागून एक उघडतात नाहीतर मिटतात. गिऱ्हाईक दहा मिनिटं ऐकतं आणि ‘छान’ म्हणतं. मला एका तंबोऱ्याला कधी अख्खी दुपार लागते.

एक करून बघा. आठ दिवस तंबोरा छेडा, पण गाऊ नका. अर्धा तास नुसतं ऐका. गाणाऱ्या माणसाला हे फार जड जातं, कारण तो तंबोऱ्याकडे आपल्या गाण्याची जागा म्हणून बघतो.

सातवा_अंश:
मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. यंग यांची 1960 मधली एक रचना, ‘कॉम्पोझिशन 1960 नंबर 7’. कागदावर फक्त बी आणि एफ शार्प हे दोन सूर, आणि सूचना एवढीच की ते बराच वेळ धरून ठेवायचे. बीला सा माना, एफ शार्प पंचम होतो. प्राणनाथ भेटायच्या दहा वर्षं आधी या माणसाने सा-प लिहून ठेवला होता! सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची 1955 ची रेकॉर्ड त्यांनी ऐकली होती आणि तंबोरा तिथे भेटला होता. पण त्याही आधीचं म्हणजे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं बर्न हे त्यांचं जन्मगाव. तिथल्या लाकडी ओंडक्यांच्या घरात घुमणारा वारा आणि पेट्रोल पंपाजवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर, हे आपले पहिले सूर असं ते सांगत आले.

दुसरी गोष्ट तुमच्या त्रासाबद्दल. यंग यांचा ‘वेल-ट्यून्ड पियानो’ (सुरुवात 1964, पुढे पाच-पाच तासांचे प्रयोग) कंपनांच्या ज्या गुणोत्तरांवर लावलेला आहे, त्यांत 2, 3 आणि 7 आहेत, 5 मुद्दाम वगळलेला. खर्जातून, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या सुराच्या तारेतून, आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा पाचवा अंश, म्हणजे मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा वरचा सूर. तुमचे कान बारा वर्षं त्याच्याच आशेवर आहेत, आणि तो तिथे नाही. सातव्या अंशाचा निषाद मात्र आहे, आपल्या कोमल निषादाहून जवळजवळ 27 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली. ड्रीम हाउसमधल्या रचनेच्या नावातच 9:7:4 आहे. तिथे पुन्हा गेलात तर बसू नका, मान हळूहळू हलवा. सूर स्थिर असतात, पण खोलीत प्रत्येकाच्या लहरींचे उंचवटे आणि खड्डे तयार होतात. हजार हर्ट्झच्या सुराच्या लहरीची लांबी 34 सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार इंच सरकलात तरी तो सूर मोठा किंवा बारीक होतो.

खर्जाची_तार:
दोघांचे आभार. मिरजेच्या दादांचं ऐकलं. पहिले तीन दिवस तोंड मिटून बसणं जमेना, ओठ आपोआप ‘सा’ लावायचे. पाचव्या दिवशी खर्ज छेडली, गंधार आला, आणि तो विरताना त्याच्याही वर एक बारीक, उतरलेला निषाद लुकलुकला. बारा वर्षांत हा मी कधी ऐकलाच नव्हता. की रोज ऐकून त्याच्यावर गात होते?

काल एकटीच चर्च स्ट्रीटला गेले. गंधाराची वाट पाहिली नाही. भिंतीला गाल टेकवला तर खालचा सूर इतका भरून आला की छातीत जाणवला; दोन पावलं मागे सरकले तर तो गेला आणि डोक्यावर काहीतरी चमकायला लागलं. मान डावीकडे नेली की एक सूर, उजवीकडे नेली की दुसरा. आलाप तिथे होताच, फक्त तो मला माझ्या मानेने घ्यायचा होता. तास-सव्वा तास कसा गेला कळलं नाही.

दादा, एक विचारायचं राहिलं. माझ्या तंबोऱ्यात तो उतरलेला निषाद फक्त खर्जाच्या तारेवर येतो, जोडीच्या (मधल्या दोन) तारांवर नाही. हे सुताचं काम की जवारीचं? डिसेंबरमध्ये सांगलीला येणार आहे, तंबोरा सोबत आणू का?