सांगाड्यांच्या पायदळाला भाले द्यावेत की तलवारी? जोडणीपूर्वी सल्ला हवा आहे

मल्हारगंजकर

नमस्कार. इंदुरातील आम्ही काही मित्र रविवारी रामबागेत एकाच्या घरी जमून 'वॉरहॅमर : द ओल्ड वर्ल्ड' हा छोट्या सैनिक-प्रतिकृतींचा टेबलावरचा युद्धखेळ खेळायला सुरुवात करणार असून, माझ्या वाट्याला टूम किंग्जचे, म्हणजे थडग्यांतून उठलेल्या सांगाड्यांचे, सैन्य आले आहे. पायदळाची पेटी उघडून स्प्रू, म्हणजे सुटे भाग लागलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी, पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्याच धडांना भाले देता येतात, तलवारी देता येतात आणि धनुष्ये देऊन त्यांचे तिरंदाजही करता येतात. एकदा हात चिकटला की विषय संपला, म्हणून कटर हातात घेण्यापूर्वी विचारतो आहे. शस्त्र आधीच ठरवावे, की चुंबक बसवून हात बदलते ठेवावेत? ढाली रंगकामापूर्वी चिकटवाव्यात की नंतर? प्लॅस्टिक सिमेंट बाहेरून मागवावे लागेल. तोपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातील सुपरग्लूवर भागेल का? मित्राने एक रेझिनचा सेनापतीही दिला आहे, त्याच्या जोडणीत काही वेगळे करावे लागते का, तेही कृपया सांगावे.

भालदार_चोपदार

शस्त्राचा निर्णय एकेका सांगाड्यापुरता न घेता संपूर्ण तुकडीसाठी घ्यावा, कारण या खेळात साधारणपणे तुकडीतील सर्वांचे शस्त्र एकच धरले जाते आणि समोरच्या खेळाडूला ते दुरून पाहताच कळले पाहिजे, असा संकेत आहे. भाला असलेल्या तुकडीला, तिने त्या फेरीत स्वतः चढाई केलेली नसेल तर, मागच्या रांगेतूनही वार करता येतो. सांगाडे काही धावून जाऊन शत्रूची फळी फोडणारे सैन्य नव्हे. ते जागेवर उभे राहून शत्रूला गुंतवून ठेवतात आणि तेवढ्यात रथ किंवा मोठे प्राणी बाजूने येतात. त्यामुळे पहिल्या मोठ्या तुकडीला मी निःसंकोच भाले आणि ढाली देईन. दुसरी पेटी घ्याल तेव्हा तिच्यातून तिरंदाज करावेत. तलवारींची तुकडी सर्वांत शेवटी, आणि तीही केवळ हौस असेल तर.

भाल्यांची एक अडचण मात्र पेटीवरच्या चित्रात दिसत नाही. प्रत्येक सांगाडा २५ मिमीच्या चौकोनी बेसवर, म्हणजे पायाखालच्या बैठकीवर, उभा राहतो आणि शेजारच्याच्या बेसला बेस टेकवून रांग लावावी लागते. एखाद्याचा भाला आडवा किंवा पुढे रोखलेला राहिला, तर तो शेजाऱ्याच्या बरगड्यांत अडकतो, आणि पहिल्या रांगेतला असेल तर शत्रूच्या तुकडीला पूर्णपणे भिडूच देत नाही. म्हणून सांगाडे सुटे सुटे न जोडता एक पूर्ण रांग एकदम घ्यावी, पाय बेसवर पक्के करावेत, हात पोस्टर चिकटवायच्या मऊ गोळ्याने तात्पुरते लावावेत आणि रांग जुळते आहे अशी खात्री झाल्यावरच सिमेंट लावावे. पहिल्या रांगेचे भाले उभे किंवा किंचित मागे कललेले ठेवावेत. प्रत्येक बेसखाली रांग आणि जागा यांचा क्रमांक लिहून ठेवला, की खेळाच्या वेळी शोधाशोध होत नाही. निशाणधारी, वादक आणि तुकडीचा नायक पहिल्या रांगेत येतात. निशाणाचे कापड कोणत्या बाजूला फडकते ते पाहून त्या बाजूचा शेजारी निवडावा.

चुंबकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पायदळात त्यांचा नाद करू नये. सांगाड्याचे मनगट इतके बारीक असते की २ मिमीच्या चुंबकासाठी भोक पाडायला त्यात जागाच उरत नाही. चुंबक बसवायचाच, तर तो बेसच्या पोटात बसवून खाली लोखंडी पत्र्याचा ट्रे वापरावा. स्कूटरवरून नेतानाही रांगा विस्कटत नाहीत.

सियागंजचा_ग्राहक

वरील मताशी सहमत आहे; मी गोंद आणि अवजारे यांपुरतेच लिहितो.

हे किट पॉलिस्टायरीनचे असतात. प्लॅस्टिक सिमेंटमधील द्रावक त्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. सुपरग्लू असे काही करत नाही. तो मधे थर होऊन बसतो आणि भाल्याला आडवा धक्का लागला की तडकतो. सिमेंट लावल्यावर कोन सुधारायला थोडा अवधीही मिळतो, सुपरग्लूत तो जवळजवळ नसतो. म्हणून पायदळासाठी सिमेंटची वाट पाहावी. मात्र ते जपून लावावे, कारण जास्त झाले तर बरगड्यांची नक्षीच वितळते. रंगाच्या थरावरून सिमेंट काम करत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

यावरून ढालींचा प्रश्न सुटतो. ढाल लावल्यावर तिच्यामागचा हात आणि छाती यांपर्यंत कुंचला पोहोचत नाही, म्हणून ढाली स्प्रूच्या काडीवर ठेवून वेगळ्या रंगवाव्यात. त्या जिथे टेकणार तेवढी जागा प्रायमरपूर्वी चिकटपट्टीने झाकावी किंवा नंतर खरवडून मोकळी करावी. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नये. हवेतील दमटपणामुळे पृष्ठभाग खरखरीत किंवा पांढुरका होतो. कुंचल्याने लावायचा प्रायमर त्या काळात बरा.

रेझिनच्या सेनापतीला प्लॅस्टिक सिमेंटचा काहीही उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच हवा. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने आधी धुऊन काढावा, नाहीतर गोंद आणि रंग दोन्ही धरत नाहीत. तलवार वाकलेली असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करावी आणि लगेच थंड पाण्यात बुडवावी. घासकाम ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावूनच करावे. रेझिनची धूळ फुप्फुसांना चांगली नसते. जड भागांच्या सांध्यात १ मिमीचे भोक पाडून पितळी तारेची खुंटी घालावी. त्यासाठी लागणारा हातड्रिल, बारीक कानशी आणि चिमटे ही सगळी सोनारांची अवजारे असल्यामुळे सराफ्याच्या आसपास दिवसा चौकशी करावी. (तिथे रात्री खाऊबाजार भरतो, तेव्हा गेलात तर कचोरी आणि जोशींचा दहीवडा यांतून अवजारांपर्यंत पोहोचणे कठीण.) फटी भरायला ग्रीन स्टफ ही दोन भाग मळून वापरायची लांबी उत्तम, पण बेसवरच्या दगडधोंड्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातील एम-सील पुरते.

छत्रीबाग_२२

मला भालदारांचा आग्रह थोडा कडक वाटतो. घरगुती खेळात 'ही सगळी तुकडी भालाईत समजा' असे सुरुवातीला सांगितले, की कोणी हरकत घेत नाही. थडग्यातून उठलेले सैन्य एकसारख्या गणवेशात कशाला हवे? कोणाच्या हाती मोडका भाला, कोणाच्या हाती तलवार, असे मिश्रण टेबलावर कितीतरी जिवंत दिसते. 'किंग्ज ऑफ वॉर'सारख्या खेळात तर तुकडी हाच एक घटक असतो आणि सैनिक एकेक करून काढावे लागत नाहीत, त्यामुळे तिथे सगळे सांगाडे एकाच मोठ्या बेसवर हवे तसे मांडता येतात.

भालदार_चोपदार

एकच तुकडी असेपर्यंत आपले म्हणणे मान्य आहे. टेबलावर दोन मिश्र तुकड्या आल्या, की कोणती भालाईत आणि कोणती तलवारबाज हे दोघांनाही सतत आठवत बसावे लागते आणि ऐन हातघाईत वाद होतात. तडजोड म्हणून मागच्या रांगांमध्ये हवे ते मिश्रण करावे, पहिली रांग मात्र एकशस्त्री ठेवावी आणि प्रत्येक तुकडीच्या ढालींना वेगळा रंग द्यावा. सेनापतीची गोष्ट वेगळी आहे. त्याचे शस्त्र खेळागणिक बदलते आणि खांदाही जाड असतो, म्हणून तिथे ३ मिमी व्यासाचा, १ मिमी जाडीचा निओडायमियम चुंबक सुपरग्लूने बसवावा. चिकटवण्यापूर्वी दोन्ही चुंबक एकमेकांना ओढत आहेत ना, हे पाहून बाहेरच्या तोंडांवर मार्करने खूण करावी.

मल्हारगंजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिली तुकडी भालाईतच करतो आणि सिमेंट मागवतो. एक उपप्रश्न: मित्राकडे जुन्या आवृत्तीतील काही सांगाडे २० मिमीच्या बेसवर जोडलेले आहेत. ते उपटून २५ मिमीवर लावावेत का?

सियागंजचा_ग्राहक

उपटू नयेत, सिमेंटने जोडलेले असतील तर बेस सुटण्याऐवजी घोटेच मोडतील. पातळ एमडीएफचा ट्रे करून त्यात २० मिमीचे चौकोनी खण असे कापून घ्यावेत, की एका खणाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत २५ मिमी भरेल, म्हणजे तुकडीची एकूण रुंदी नियमाप्रमाणे भरते. लेझर कटिंगवाल्याला आकृती देताना खण अर्धा मिलिमीटर सैल सांगावेत, कारण बेसच्या कडेला रंगाचा थर चढलेला असतो.