सागरी मार्ग सपाट नाही
कोकणात वडील-मुलाच्या सायकल सफरीबद्दल कुणीतरी लिहिलंय की समुद्राकडेचा रस्ता सपाट, त्यामुळे साठीच्या वडिलांसोबतही रोज ऐंशी किलोमीटर आरामात. अंतर जमेल, पण सपाट? कोकणात प्रत्येक खाडीपाशी रस्ता समुद्रपातळीला उतरतो आणि तरीने (फेरीबोटीने) खाडी ओलांडली की लगेच जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) चढतो. बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या सगळ्या फेरीबोटींपाशी हेच. आणि फेरीबोटीत बसून पाय थंड पडलेले असतात. गुडघे दुखतात ते तिथेच. मुलगा दम दाखवत पुढे निघाला की वडील नकळत जड गिअरवर रेटतात. त्यांना पुढे राहू द्या, सामान मुलाच्या कॅरिअरवर.

खरा प्रश्न गिअरचा आहे. पुढचं लहान चक्र 34 दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं 28 असेल तर भरल्या सायकलने चढ ओढत नाही. मागे 34 हवेत, पुढे 30 मिळालं तर उत्तमच. मात्र नुसती कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलून भागत नाही: आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) बहुधा 34 झेपत नाही आणि जुनी साखळी तोकडी पडते. पुढचं आणि मागचं, दोन्ही सर्वांत मोठी चक्रं लावून साखळी पुरते का, हे घरीच बघा, नाहीतर डिरेलरच मोडतो.

ओहोटीला वाळूवरून चालवलीत तर मुक्कामाला साखळीवर बाटलीभर गोडं पाणी, फडक्याने कोरडी, मगच तेल. हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) पाण्याचा जोरदार फवारा नको, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. आणि जेट्टीचा उतार शेवाळलेला असतो; तिथे दोघांनीही उतरूनच चाला.