टाकी पूर्ण भरली की बोटीत पेट्रोलचा वास

प्रश्न: इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाची छोटी बोट. टाकी काठोकाठ भरली की बिल्जमधून (बोटीच्या तळाच्या पोकळीतून) पेट्रोलचा वास येतो, अर्धी झाली की जातो. इंजिनाखाली ओल नाही. कुठून शोधू?

उत्तर १: आधी एकही बटण दाबू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. सगळी झाकणं उघडून तिला बाहेर जाऊ द्या. भरल्यावरच वास येतो म्हणजे संशय टाकीच्या वरच्या भागावर: गेजच्या सेंडरचं (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाचं) गॅस्केट, भरण्याचा पाइप, व्हेंटचा (टाकीतली हवा बाहेर सोडणारा) पाइप. प्रत्येक पाइप वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसा आणि फडकं बोटीबाहेर नेऊन हुंगा. वास लागला तर पाइप झिरपतोय, दिसायला कितीही कोरडा असो. बदलाच.

उत्तर २: सेंडरचे स्क्रू नुसते आवळत बसू नका, गॅस्केट चेपून फाटतं. नवंच घाला. पाइपवर आयएसओ ७८४० (बोटीतल्या आगरोधक इंधन पाइपचं मानक) छापलेलं हवं. भरण्याच्या पाइपला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प.

उत्तर ३: काठोकाठ भरणंही थांबवा, उन्हात पेट्रोल फुगून व्हेंटमधून येतं. दुरुस्तीनंतरही दर वेळी सुरू करण्याआधी ब्लोअर (बिल्जमधली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, मग बिल्ज हुंगा. वास असेल तर स्टार्टरला हात नको.