आजीच्या जुन्या फोटोवरून जलरंगात चेहरा – सल्ला हवा आहे

मृद्गंध:
नमस्कार. आईच्या पंचाहत्तरीला तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं चित्र जलरंगात करून द्यायचं मनात आहे. फोटो एकच आहे. १९४४ च्या सुमारास स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, पिवळट पडलेला. दोन वर्षं निसर्गचित्रं करते आहे, चेहरा कधी केला नव्हता. चार प्रयत्न झाले; दर वेळी गालांचा चिखल होतो आणि आजी आजीसारखी दिसत नाही. कागद साधा ड्रॉइंग पेपर वापरला. सुरुवात कुठून करू? अडीच महिने हातात आहेत.

ओला_कुंचला:
ताई, आधी कागद बदला. ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत. महाग वाटतो, पण पूर्ण ताव घेऊन चार तुकडे केले की परवडतो. चेहऱ्यासाठी गुळगुळीत हॉट प्रेस घ्या असं बरेच जण सांगतील, पण त्यावर दुसरा थर देताना पहिला उचलला जातो.

चिखल होतो तो अर्धवट ओल्या थरावर पुन्हा कुंचला फिरवल्यामुळे. कागदाला पालथा हात लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे, थांबा. तीन-चार पातळ थरांत चेहरा उभा राहतो. कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावरचा उजेड म्हणजे कोरा कागद; तो पहिल्या थरापासून राखायचा. रंग चार पुरतात: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन. सावलीला बर्न्ट सिएनात थेंबभर अल्ट्रामरीन. काळी वडी पेटीतून काढूनच ठेवा.

आणि आठवडाभर रंगाला हात लावू नका. फोटो स्कॅन करून मोठा करा, एकाच तपकिरी रंगात उजेड, मधली छटा आणि सावली एवढंच करत राहा. ओळख पटते ती सावल्यांच्या आकारावरून; पापण्यांचे केस मोजून नाही.

जुनी_काच:
मी जुने फोटो दुरुस्त करतो, त्यामुळे फोटोबद्दल दोन गोष्टी सांगतो. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला आणि निगेटिव्हच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू काळी यायची, निळी फिकट. आजीचं कुंकू काळंभोर दिसतंय का? तसं असेल तर ओठ आणि त्वचाही प्रत्यक्षापेक्षा गडद आलेली असणार. लुगडं काळं दिसलं तर ते लालही असू शकेल. फोटोवरून रंग ठरवू नका, घरातल्या कुणाला तरी विचारा.

दुसरं, स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग घालवत असत. चेहरा गुळगुळीत दिसतो त्याचं हे एक कारण. आईचा किंवा मावशीचा चेहरा खिडकीशी बसवून बघा. डोळ्याखालची, हनुवटीची हाडं तिथे मिळतील.

ओला_कुंचला:
हे फार मोलाचं सांगितलंत. मृद्गंध, कधी म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र जरूर बघा. ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड झिरपतो, तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सावलीसुद्धा उबदार असू शकते हे मला त्या चित्राने शिकवलं.

मृद्गंध:
दोघांचेही मनापासून आभार. कुंकू खरंच काळंभोर आहे! काल मावशीला फोन केला. मी काळी चंद्रकळा समजून चारही वेळा रंगवलेलं लुगडं डाळिंबी होतं. ते फाटलं तेव्हा त्याची गोधडी शिवली होती आणि मावशीकडे तिचा एक तुकडा अजून आहे. रविवारी आणायला जातेय. नथीचे मोती कोरे ठेवू की शेवटी पांढरा वापरू?

ओला_कुंचला:
मोती एवढे बारीक असतात की शेवटी पांढऱ्या गुआशचा (अपारदर्शक जलरंगाचा) एकेक ठिपका द्या. तुकडा मिळाला की रंग दिवसाच्या उजेडातच जुळवा.