आल्याची बिअर केगमध्ये साठवताना दाब फार वाढतो, काय करावे?

कोरेगावचा शेतकरी:
घरच्या शेतातल्या आल्याची बिअर मी आजवर बाटल्यांत करीत असे. या वेळी प्रथमच 19 लिटरचा स्टीलचा केग आणला. किसलेले आले, लिंबू, लिटरला 80 ग्रॅम साखर आणि यीस्ट यांचे मिश्रण दोन दिवस आंबवले, गाळून केगमध्ये भरले आणि रविवारच्या पाहुण्यांसाठी माडीवर ठेवले. चौथ्या दिवशी तोटी उघडली तर नुसता फेस आला आणि गोडीही पार गेलेली होती. पाच-सहा दिवस केग कसा सांभाळावा?

सांगलीकर:
यीस्ट जिवंत असताना केग बंद करून उकाड्यात ठेवल्यामुळे हे झाले. लिटरमागे साधारण 4 ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि चांगल्या फसफशीत पेयाला तिप्पट वायू पुरेसा असल्यामुळे 12 ग्रॅम साखरेतच काम भागते. उरलेली साखर माडीवर आंबतच राहिली. 80 ग्रॅम पूर्ण आंबली तर मद्यार्क 5 टक्क्यांच्या आसपास जातो. ते मग मुलांना देण्याजोगे पेय राहत नाही, शिवाय विनापरवाना मद्य तयार करण्यास आपल्या राज्यात कायद्याने मनाई आहे. बाटल्या तुम्ही वेळेवर फ्रिजमध्ये ठेवीत असणार, म्हणून आजवर हे जाणवले नसावे.

कराडहून:
मी भरताना त्याच मिश्रणाची एक प्लास्टिकची बाटली केगशेजारी ठेवतो. ती अंगठ्याने दाबली जाईनाशी झाली की केग ताबडतोब फ्रिजमध्ये जातो. खालच्या जाळ्या काढल्या की तो उभा मावतो. 4 अंशांवर यीस्ट जवळजवळ थांबते आणि तळाशी बसते, त्यामुळे त्यानंतर केग हलवू नये आणि पहिला गढूळ पेला ओतून द्यावा. झाकणाच्या वायसरभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहावे.

कोरेगावचा शेतकरी:
मनापासून आभार. पण आता दाबाने भरलेल्या या केगचे काय करू?

सांगलीकर:
झाकणाला अजिबात हात लावू नका. आधी रात्रभर गार करा, कारण थंडीत वायू पेयात विरघळतो आणि दाब उतरतो. नंतर सेफ्टी व्हॉल्व्हची कडी थोडी थोडी उचलत, फेस वर येऊ लागला की थांबत, वायू सोडा. ही खेप मात्र पाहुण्यांच्या मुलांपुढे ठेवू नका.