पिना पुसूनही एक्सएलआर केबलची खरखर जात नाही – मदत हवी आहे

नमस्कार.

मी रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो. ओघात आलेली ओवी पुन्हा तशीच म्हणा, असे त्या आज्जींना सांगता येत नाही. त्यामुळे ऐन वेळी केबलने दगा दिला की ती ओवी हातची जाते.

पावसाळाभर पेटीत बंद असलेल्या तीन एक्सएलआर केबलींपैकी (माइक रेकॉर्डरला जोडणाऱ्या तीन पिनांच्या केबली) एकीतून आता खरखर येते. बाहेरून वीज न लागणारा डायनॅमिक माइक लावला तर आवाज स्वच्छ असतो. पण वीज लागणारा कंडेन्सर माइक लावून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) सुरू केला, की माइककडच्या कनेक्टरला नुसते बोट लागले तरी ‘खर्र’ होते. हा पुरवठा २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमधूनच माइकपर्यंत जातो, त्यामुळे तिथला संपर्क किंचित हलला तरी तो आवाजात उतरत असावा, असा माझा तर्क आहे. त्याच माइकला दुसरी केबल लावली की तक्रार उरत नाही.

फँटम बंद करून, केबल दोन्हीकडून काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने मी नर कनेक्टरच्या, म्हणजे पिना असलेल्या टोकाच्या, पिना पुसल्या, तेव्हा काडीवर काळसर रेघ उमटली. (देव्हाऱ्यातली पितांबरी समोरच होती, पण पिनांवरचा मुलामा घासून निघेल म्हणून तिला हात लावला नाही.) माइककडची बाजू मात्र मादीची आहे आणि तिच्या छिद्रांत काडी शिरत नाही. कनेक्टर उघडून पाहिला. सोल्डर शाबूत दिसते, तार घट्ट आहे आणि केबल वाकवूनही मल्टिमीटरची बीप तुटत नाही. अर्थात मल्टिमीटरची टोके मी थेट छिद्रांत घालतो, त्यामुळे माइकची पिन आत बसल्यावर पकड कशी असते, हे त्यातून कळत नाही.

छिद्रे आतून साफ करायला दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश अल्कोहोलात बुडवून वापरला, तर आतली स्प्रिंग बिघडेल का? कॉन्टॅक्ट क्लीनर घ्यायचा झाल्यास पूर्ण उडून जाणारा घ्यावा, की पातळसा थर मागे ठेवणारा? आणि मुळात हा मळ आहे की स्प्रिंग सैल झाली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? सैल झाली असेल, तर नवा कनेक्टर सोल्डर करणे मला जमते. फक्त आमच्या दमट हवेत मुलामा सोन्याचा घ्यावा की चांदीचा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.